मिस्त्रींची चिंधी

आधीच सांगतो, ही घडलेली गोष्ट आहे. पटली तर वाचा, नाहीतर पुढे सरका. थापा मारायला मला वेळ नाही आणि तेवढी अक्कलही नाही, असं माझी बायको सांगते.

आणि हो, काळोखी रात्र वगैरे काही नव्हती. दुपारचे पावणेतीन वाजले होते. टळटळीत ऊन होतं.

जागा म्हणजे आमची शेड. लाइनच्या शेवटच्या स्टेशनाला लागून पत्र्याची शेड आहे, तिथे पॅसेंजर गाड्यांची दुरुस्ती होते. मी तिथे फिटर होतो. सव्वीस वर्षं.

तुम्ही प्लॅटफॉर्मवर उभं राहून 'मेली आज परत बंद पडली' म्हणून ज्या शिव्या घालता ना, त्या आमच्या वाट्याच्या. त्यातल्या निम्म्या आम्ही खरंच कमावल्या आहेत. कशा, तेच सांगतो.

आमच्याकडे दोन-दोन डब्यांच्या चार डिझेल गाड्या. धावतात तीन. चौथी सहा वर्षं मागच्या रुळावर उभी आहे. नव्या पार्टसाठी कागद पाठवला की पार्ट येईपर्यंत कागद पाठवणारा रिटायर होतो. म्हणून काहीही तुटलं की आम्ही चौथीतून काढायचं. पंप तिचा, काच तिची, सीटसुद्धा तिची. आता तिचा नुसता सांगाडा उरलाय.

तिकडे सहसा कुणी जात नाही.

आमचे हेड फिटर होते, त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणायचे. मला पाना धरायला त्यांनी शिकवलं. बोलणं कमी, नजर घारीची. त्यांच्या खिशात जुन्या लाल चादरीच्या चिंध्या असायच्या. खराब पार्ट दिसला की टर्रकन पट्टी फाडायची आणि त्याला बांधायची. गाठ त्यांची स्वतःची, एकाच बाजूला फासा सोडलेली, म्हणजे एकच कान ठेवलेली. तशी गाठ दुसऱ्या कुणाला जमली नाही.

नियम एकच. चिंधी दिसली की गाडी हलणार नाही. आणि ज्यानं दुरुस्त केलं, त्यानंच गाठ सोडायची.

पण पार्ट नसायचा, आणि गाडी तर सोडायची असायची. मग शेडचे साहेब ऑफिसच्या दारात येऊन म्हणायचे, "आजचा दिवस काढा."

मिस्त्री जेवायला गेले की कुणीतरी हळूच गाठ सोडायचं. चिंधी खिशात जायची, कागदावर बरोबरची खूण व्हायची, गाडी सुटायची. कधी धड पोचायची, कधी माळावर दम सोडायची. सगळ्यांनी केलंय हे.

मीही केलं.

गेल्या वर्षी, उन्हाळ्यात. मिस्त्रींना छातीचा त्रास होता, ते रजेवर गेले. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी दोन नंबर गाडीच्या रेडिएटरच्या पाइपाला चिंधी बांधली होती. रबरी पाइप, त्यातून इंजिनाचं पाणी फिरतं. तो फुटला की इंजिन तापून बंद. चौथीचा पाइप काढून बसवायला तासभर गेला असता, म्हणून साहेब म्हणाले, आजचा दिवस काढा. मी गाठ सोडली. हात ग्रीसनं बरबटले होते, चिंधीवर माझ्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला. ती मी लॉकरमध्ये हातमोज्यांखाली टाकली आणि विसरून गेलो.

गाडी दोन स्टेशनांच्या मधोमध बंद पडली. एकेरी लाइन, मदतीचं इंजिन यायला एक तास पन्नास मिनिटं लागली.

त्या गाडीत मिस्त्री होते. शहरात हृदयाच्या डॉक्टरकडे निघाले होते.

पुढचं मला ड्रायव्हरनं सांगितलं. त्याला आम्ही भोंगा म्हणतो, कारण त्याला हळू बोलता येत नाही. पण हे त्यानं हळू सांगितलं. मिस्त्री खाली उतरले. स्वतः झाकण उघडून पाइपाला हात लावला. मग त्याच्याकडे बघून विचारलं, "माझी चिंधी कुणी सोडली?"

त्याला ठाऊक नव्हतं. मिस्त्री चाकाला पाठ टेकून गाडीच्या सावलीत बसले. इंजिन आलं तेव्हा ते उठले नाहीत.

त्यांच्या घरी गेलो तेव्हा वहिनींसमोर माझी मान वर होईना. मी कुणाला काही बोललो नाही. आज पहिल्यांदा सांगतोय.

आता ती दुपार.

मिस्त्री जाऊन अकरा महिने झाले होते. माझी लेक बाळंतपणाला आमच्याकडे आलेली, नववा लागलेला. दुपारी दोनच्या सुमाराला इथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि त्यांचा चेहराच उतरला. बाळाचे ठोके मंद पडतायत, आजच्या आज शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात न्या, म्हणाल्या. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. रस्त्यानं जावं तर पूल दुरुस्तीसाठी बंद, वळसा घालून तीन तास. गाडीनं सव्वा तास.

बायकोचा फोन आला. "आम्ही तीन वीसच्या गाडीनं निघतोय. तुमची गाडी तेवढी वेळेत सोडा म्हणजे झालं."

तीन वीसला जाणार होती दोन नंबर.

मी खड्ड्यात उतरलो. म्हणजे रुळांच्या मधला खड्डा, त्यात उभं राहून गाडीचं पोट तपासतात. एकूण एक नट हातानं चाचपला. पाइपही दाबून बघितला. मिस्त्री गेले त्यानंतर चौथीतून काढून लावलेला होता. घट्ट होता, कोरडा होता.

तेवढ्यात आवाज आला...

टर्र...

कापड फाडल्याचा. मागच्या रुळावरून. चौथीच्या बाजूनं.

मी वर येऊन बघितलं. कुणी नव्हतं. चौथीच्या रिकाम्या खिडक्यांतून पलीकडचं गवत दिसत होतं.

उंदीर असेल, म्हटलं. परत खाली उतरलो.

पाइपाला चिंधी बांधलेली होती...

लाल. एकच कान ठेवलेली गाठ.

 मी हाका मारल्या. वेल्डर बाकावर घोरत होता. भोंगा दारात चहा पीत होता. आत कुणी गेलं का विचारलं, तर म्हणाला, तुझ्याशिवाय कोण मरायला जातंय त्या उकाड्यात.

मी गाठ सोडली. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा सोडलीच. लेकीला न्यायचं होतं. चिंधी मुठीत घेऊन तडक लॉकरकडे गेलो. कुणीतरी माझी जुनी चिंधी काढून चेष्टा करतंय असं वाटलं. हातमोजे उचलले.

खाली चिंधी नव्हती.

मूठ उघडली. त्यातही काही नव्हतं...

धावत खड्ड्यात आलो. पाइपाला चिंधी होती. या वेळी दोन गाठी मारल्या होत्या. करकचून.

तीन वाजून पाच मिनिटं. ऑफिसच्या दारातून साहेबांचा आवाज आला. "झालं का रे? काही असलं तर आजचा दिवस काढा."

मी तिथेच खाली बसलो. गाडी थांबवली तर लेक इथेच अडकणार. सोडली आणि माळावर बंद पडली तर... मला चाकाला टेकून बसलेले मिस्त्री दिसले. मग त्यांच्या जागी लेक दिसली.

मी ओरडलो, "गाडी जाणार नाही. पाइप काढतोय."

साहेब तणतणत आले. पाइप चांगला दिसतोय, वरून फोन येतील, तुझं डोकं फिरलंय का. त्यांना चिंधी दिसतच नव्हती. मी बोट दाखवलं तरी ते पाइपाकडेच बघत होते.

मी क्लिपा सोडल्या. पाइप काढून टोकाशी दुमडून आत बघितलं. बाहेरून ठणठणीत आणि आतून उभा चिरलेला. दहा किलोमीटरसुद्धा गेला नसता. साहेब फोन करायला ऑफिसात गेले.

शेडमध्ये एक नंबर ब्रेक खोलून उभी होती, ती पाठवता येत नव्हती. तिचा पाइप काढून यात बसवायला घेतला. फोन वाजत होता. बायको. मी उचलला नाही. काय सांगणार होतो?

 पाइपाला दोन्ही हात अडकलेले, घाम डोळ्यांत. एक हात मोकळा करून मागे केला आणि म्हणालो, "तेराचा पाना दे."

हातात पाना आला.

तेराचाच. गार... बर्फासारखा.

काम झाल्यावर वर येऊन मी वेल्डरला म्हटलं, बरं झालं आलास. तो बाकावरून उठत होता. भोंगा केव्हाच गाडीत जाऊन बसला होता. साहेब ऑफिसात फोनवर होते.

खाली कुणीच आलं नव्हतं.

गाडी चार वाजून दोन मिनिटांनी सुटली. प्लॅटफॉर्मवर लोक आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. खिडकीत लेक होती, तोंड पांढरं पडलेलं. तिनं माझ्याकडे बघून मान हलवली. मला रडू आलं.

सहा वाजून वीस मिनिटांनी नात झाली. गळ्याला नाळेचे दोन वेढे होते. आणखी तासभर उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

चिंधी मी सगळीकडे शोधली. पाइपावर नाही, खड्ड्यात नाही, लॉकरमध्ये नाही.

खरं तर गोष्ट इथे संपायला हवी. मीही तसंच समजत होतो. पण म्हणून मी लिहायला बसलेलो नाही.

साहेब रिटायर झाले. त्यांच्या खुर्चीत तीन आठवड्यांपूर्वी मला बसवलं. आता सही मी करतो. खुर्चीत बसल्यावर कळलं, वरून दिवसाला किती फोन येतात ते. गाडी का नाही सुटली, एवढंच विचारतात. पार्ट का नाही, हे कुणी विचारत नाही.

आज दुपारी फिटर आला. तीन वीसला जायच्या एक नंबरच्या, इंजिन गार ठेवणाऱ्या पंख्याचा पट्टा झिजलाय म्हणाला. चौथीत पट्टा उरला नाही, मागवलेला आला नाही. फोन वाजतच होता. मी मान वर न करता म्हणालो,

"आजचा दिवस काढा."

माझ्याच तोंडून. तो खड्ड्याकडे गेला.

सही करायला कागद ओढला...

टर्र...

दाराबाहेर. अगदी जवळ.

शर्टाच्या वरच्या खिशातून पेन काढायला हात घातला. पेन निघेना. खाली बघितलं. पेनाला चिंधी बांधलेली होती. एकच कान. आणि कोपऱ्यात ग्रीसचा काळा अंगठा.

माझा.

मी गाठ सोडलेली नाही. सही केलेली नाही. बाहेर जाऊन फिटरला सांगितलं, पट्टा काढ, कुठूनही जुळव, तोवर गाडी हलणार नाही.

आता साडेचार वाजलेत. तीन वीसची गाडी अजून शेडमध्येच आहे. लोक शिव्या घालतायत, ऑफिसात फोन वाजतोय. मी शेडच्या दारात उभा राहून मोबाइलवर हे लिहितोय, कारण आत जाऊन खुर्चीत बसवत नाही.

मघाशी फिटरनं खड्ड्यातून हात वर केला आणि पाना मागितला. शेडमध्ये आम्ही दोघंच आहोत, मी जागचा हललो नव्हतो.

हात खाली गेला तेव्हा त्यात पाना होता. "थँक्यू साहेब," असं तो खालून म्हणाला.

मी त्याला काही सांगितलेलं नाही. खिशाकडे बघायचा अजून धीर होत नाहीये.