डावरी पुडी

वटवाघूळ करायला पद्मिनीबाईंना कुणी शिकवलं नव्हतं. आन्यानं पुढे केलेला काळा कागद त्यांनी उलटसुलट करून पाहिला, किराणा मालाच्या पुडीसारखा वळवला, दोन्हीकडून पंख काढले आणि शेवटचं टोक डावीकडून आत खोचलं.

"आजी, सो कूल! हॅलोविनला सगळ्या विंडोत लावू या."

"दुकानातल्या प्लॅस्टिकच्या भुतांपेक्षा बरं," पद्मिनीबाई सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या. नेत्रानं लॅपटॉपमधून मान वर काढली नाही.

कऱ्हाडला नवऱ्याच्या दुकानात त्यांनी जन्मभर पुड्या बांधल्या होत्या. शाळा दुसरीतच सुटली, पण त्यांच्या पुडीतून कधी जिऱ्याचा दाणा सांडला नाही. गुरुनाथ टोक उजवीकडून खोचायचे आणि चिडवायचे, "तुझी पुडी डावरी!" रागावल्या की हातात हळूच एक पुडी ठेवायचे. आत खडीसाखर.

गुरुनाथ गेले, दुकान उठलं, सुशांतनं आईला इथं अमेरिकेत, श्रूजबरीला आणलं. सकाळी सगळे बाहेर पडले की घरात फ्रिजची घरघर तेवढी उरायची. "बोल बाबा," त्या फ्रिजला म्हणायच्या, "तूच काय तो रिकामा या घरात."

वटवाघळं दोऱ्याला बांधून खिडकीत टांगली. आन्याचंही एक होतं, फेंगडं.

दुसऱ्या दिवशी एका वटवाघळाचं टोक उजवीकडून खोचलेलं दिसलं. त्याच्या पुढच्या दिवशी त्याच्या शेजारी आणखी एक.

"नेत्रा, हे तू केलंस?"

"आई, मला वेळ कुठाय? तुम्हीच केलं असेल. लक्षात नसेल राहिलं." आणि तिनं सुशांतकडे पाहिलं.

ती नजर बाईंना कळायची. मागे शेगडी चालू राहिली, तेव्हापासून त्यांना पुण्याला मालिनीकडे, त्यांच्या लेकीकडे पाठवायचं घाटत होतं. दाराआडून त्यांनी ऐकलं होतं. आन्याला सोडून कुठं जायचं? रोज नवं उजवं वटवाघूळ दिसे, रोज त्या ते गुपचूप आपल्या वटवाघळांत मिसळून टाकत.

हॅलोविनच्या संध्याकाळी तिघं कँडी गोळा करायला गेले. बाई खिडकीशी बसल्या. एक वटवाघूळ दोऱ्याला ओढ देत खाली आलं होतं. हातात घेतलं तर जड लागलं.

उजवं टोक सोडवलं. आत काळे तीळ.

नेत्राच्या घरात काळे तीळ नव्हतेच कधी.

"अहो," पद्मिनीबाई हसल्या, किती दिवसांनी, "खडीसाखर संपली वाटतं?"

मग बोटांना गार लागलं. तीळ ओले होते.

गुरुनाथांच्या नावानं सुशांत दरवर्षी देवळात जाऊन असेच सोडायचा, तळहातावर काळे तीळ, वरून पाणी. गेलेल्या माणसासाठी.

म्हणजे तिकडून पाहिलं तर गेलेल्या त्या होत्या.

"अहो, मी आहे अजून," त्या म्हणाल्या. "डोळे फुटले का तुमचे?"

टप्.

खिडकीच्या फळीवर थेंब पडला. मग दुसरा. सगळीच वटवाघळं ठिबकत होती. त्यांनी स्वतः खोचलेली डावरीसुद्धा.

पद्मिनीबाई उठल्या. आधी त्यांनी आन्याचं फेंगडं वटवाघूळ चाचपलं. आतून, बाहेरून.

अजून कोरडं होतं.

तेवढ्यात दार उघडलं.

"आई, हे पाणी कसलं?" नेत्रानं दारातूनच विचारलं.

"माझ्या हातून सांडलं."

तिनं पुन्हा सुशांतकडे पाहिलं.

"बघता काय एकमेकांकडे? काढा तिकीट," बाई म्हणाल्या. "मालिनीला कळवा."

आन्या पिशवी नाचवत आली. "आजी, हात कर! तुला चॉकलेट."

पद्मिनीबाईंनी हात पाठीमागे नेला आणि पदराला पुसला. पुन्हा पुसला.

तीळ निघत नव्हते.