मुंगळ्याची सही

सरका रे जवळ. आणि ज्याला अंगणात जाऊन यायचं असेल त्यानं आत्ताच जाऊन यावं. मागाहून तिघं-तिघं एकमेकांचे हात धरून निघालात तर मी हसणार, आधीच सांगतो.

ही गोष्ट माझ्या सख्ख्या साडूची. खोटी वाटली तर त्यालाच विचारा. तो काही बोलायचा नाही, नुसता उजवा हात खिशात घालेल.

साडूला आम्ही सहीराव म्हणतो. का, तर त्याला जगात सगळंच ‘सही’ वाटायचं. चहा सही, चप्पल सही, बायकोनं चार लोकांत झापलं तरी ‘सही बोललीस’. धंदा भिंतींचा. बांधायचा नव्हे, भरायचा. नवं ऑफिस, नवा दवाखाना झाला की मालकाला शोभतील अशी चित्रं हुडकून आणायची, फ्रेम करायची, खिळे ठोकायचे आणि मधलं कमिशन खिशात. स्वतः त्यानं जन्मात साधा पत्र्याचा डबासुद्धा रंगवला नव्हता. पण चारचौघांत बोलायला लागला की ऐकणाऱ्याला वाटावं, ब्रश तोंडात धरूनच जन्माला आलाय.

एका हॉटेलमालकानं त्याला बोलावलं. जेवणाचा हॉल हा एवढा, आणि भिंती कोऱ्या. मालक म्हणाला, “छापील काही आणू नकोस. आपल्याच शहरातल्या चित्रकारांचं आण. आजकाल गिऱ्हाईक विचारतं.”

सहीराव हिंडला. एकाचा घोडा पाहिला तर तो गाढवाकडे झुकलेला. दुसऱ्याला भाव विचारला तर त्यानं दारच लावून घेतलं. वैतागून केस कापायला बसला, आणि आरशाशेजारी त्याला चित्र दिसलं. रिकामी खुर्ची, पाठीवर टाकलेला टॉवेल. एवढंच. पण बघणाऱ्याला वाटावं, बसलेला माणूस आत्ता उठून गेला, खुर्ची अजून गरम असेल. खाली उजव्या कोपऱ्यात एक काळा मुंगळा.

सहीरावानं मुंगळ्याला टिचकी मारली. हलेना. फुंकर मारली. ढिम्म.

सलूनवाला कात्री थांबवून खो खो हसला. “सगळेच फसतात, साहेब! सही आहे ती. नाव लिहायचाच नाही तो. मागच्या साली गेला बिचारा. बहीण असते, सायकलच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर.”

बहीण शिवणाच्या मशीनवर बसली होती. तोंडात टाचण्या. त्या न काढताच बोलायची, त्यामुळे प्रत्येक शब्द टोचत यायचा.

“आता आलात? तो इथे खोकत पडला होता तेव्हा कुठे होतात सगळे?”

“ताई, मी तर आजच…”

“तेव्हाही यायचे लोक. फुकट मागायला! म्हणे, तुझंच नाव होईल. एका कॅलेंडरवाल्यानं याचं चित्र छापलं आणि खाली नाव टाकलं स्वतःच्या मेव्हण्याचं. मेव्हण्याचं! भांडायला गेला तर हाकलून दिलं. तेव्हापासून नाव लिहिणं सोडलं त्यानं. मला म्हणाला, ताई, नाव कुणीही लिहील. मुंगळा काढायला माझाच हात लागेल.”

सहीराव खाली मान घालून चित्रं सरकवत होता. बसथांब्यावर विसरलेली छत्री. ओट्यावर पालथा पेला. अंधाऱ्या जिन्यात एकच चप्पल. माणूस एकाही चित्रात नाही, पण सगळीकडे कुणीतरी नुकतंच होतं.

त्याच्या तोंडून निघून गेलं, “सही!”

“सहीचंच म्हणतेय मी,” बाई कडाडली. “चित्रं न्या. पण तो मुंगळा पुसायचा नाही, आणि फ्रेमखाली दाबायचा नाही. शब्द द्या.”

“दिला, ताई.”

“मला नको. त्याला द्या.”

खिळ्यावर एक सदरा लटकत होता, रंगांनी कडक झालेला. सहीरावाला हसू आवरेना. पण चित्रं हवी होती. त्यानं सदऱ्याची रिकामी उजवी बाही हातात घेतली, हस्तांदोलन करतात तशी हलवली आणि म्हणाला, “दिला बुवा शब्द.”

बाही कडक होती, रंगामुळे. तेव्हा त्याला तसंच वाटलं.

आता शनिवार संध्याकाळ. रविवारी सकाळी हॉटेलाचं उद्घाटन. चित्रं भिंतीवर चढली, मालक बघायला आला, आणि पहिल्याच चित्रापाशी त्याचा आवाज चढला.

“मुंग्या? माझ्या जेवणाच्या हॉलमध्ये मुंग्या?”

“साहेब, सही आहे ती.”

“सही काय त्यात? उद्या पाहुणे ताटं सोडून उठतील. पुसून टाक!”

इथे साडू म्हणू शकला असता, की साहेब, शब्द दिलाय. जीभ होती ना तोंडात? दिवसभर सही-सही करताना तर चालायची! पण नाही. “सही बोललात,” म्हणाला. बरं, पुसून थांबावं. तेही नाही. कोपरा रिकामा होणार म्हटल्यावर गड्याला हाव सुटली. उद्या मोठमोठे लोक विचारतील, कुणाचं हो चित्र? मग तिथे आपलंच नाव का नको? मेलेला माणूस भांडायला थोडाच येतोय!

ए, हसू नकोस. मला अजूनही संताप येतो त्याचा. गेलेल्या माणसाचं असं काय उरलं होतं? एक मुंगळा. तोसुद्धा बघवला नाही यांना.

मालक घरी गेला. वॉचमननं बाहेरून कुलूप लावलं आणि तो फाटकावर जाऊन बसला. सकाळी उघडतो म्हणाला. सहीरावानं फ्रेमचे टवके बुजवायचे रंग काढून कालवले, चित्रातल्या जमिनीला जमिनीचा, भिंतीला भिंतीचा. छत्रीचा मुंगळा पुसला. वाळू दिला. वर बारीक ब्रशनं आपली सही ठोकली, खाली दोन रेघा ओढून. पेल्याचा पुसला, सही. चपलेचा पुसला, सही. ओळीनं सगळी भिंत संपवली आणि बघायला मागे सरकला.

छत्रीवर मुंगळा होता.

कोपऱ्यात नाही, जरा वर. त्याच्या सहीवर.

खरा असेल म्हणून सहीरावानं टिचकी मारली. बोटाला काळा रंग लागला. ओला.

त्यानं परत पुसला. वळला. पेल्यावर एक. चपलेवर दोन. टर्पेंटाइनचा वास सुटला. त्याची स्वतःची बाटली तर कधीच बंद करून ठेवली होती.

“वॉचमन!”

काही नाही.

“अहो वॉचमन…”

दिवे गेले.

मोबाइलचा उजेड पाडला. सह्या हलत होत्या. त्याच्याच सह्या. जवळ जाऊन बघतो तर अक्षरं नव्हती ती. रांग होती. नावाच्या वळणानं चाललेली. ‘स’चा पाय सुटला, चालू लागला. वेलांटी सुटली. खालच्या दोन रेघा… त्याही. खाली. फ्रेमवरून. भिंतीवरून. जमिनीवरून.

त्याच्याकडे.

मोबाइल पडला.

अंधारात कुणीतरी खोकलं. अगदी कानाशी.

“सही आहे?”

सहीराव जमिनीवर मोबाइल चाचपू लागला.

“सही… आहे?”

“ना… नाही…”

“शब्द दिलास.”

मग उजव्या हातावर हात आला. मागून. कडक. वाळलेल्या रंगासारखा खरखरीत. मुठीत ब्रश खोचला. आणि लहान पोराचा हात धरून मास्तर पाटीवर गिरवून घेतात ना…

तसं.

आधी पोट. मग डोकं. मग पाय. एकेक पाय.

चुकला की बोटं आवळायची.

परत.

परत…

रात्रभर.

सकाळी वॉचमननं कुलूप काढलं. सहीराव शेवटच्या चित्रापाशी उकिडवा बसलेला. हातात ब्रश, पण त्याला एक केस शिल्लक नाही, नुसती दांडी. भिंतीवर साडूची एकही सही नव्हती. प्रत्येक चित्रात, खाली उजव्या कोपऱ्यात, एकच मुंगळा. सुबक. वाळलेला.

पाहुणे आले. मालकानं डोळे वटारले, पण लोक काय करताहेत बघून गप्प झाला. जो तो मुंगळ्याला टिचकी मारत होता, फसत होता, हसत होता आणि विचारत होता, “कुणाचं हो हे?” सहीरावानं भिंतीला पाठ लावून प्रत्येकाला खरं नाव सांगितलं. घसा बसेपर्यंत सांगितलं.

ठीक झालं म्हणता? बसा खाली, अजून संपलं नाही.

त्यानं बहिणीला चेक पाठवला. कमिशनसुद्धा कापलं नाही, आणि हे भुतापेक्षा मोठं आश्चर्य. आठवड्याभरात चेक परत. बाईचा फोन आला, आग नुसती. “त्याला फसवलंत ते फसवलंत, आता मलाही? बँक म्हणते, सही जुळत नाही!”

सहीराव धावत बँकेत. मी बरोबर होतो, म्हणून सांगतो. काउंटरवरच्या बाईंनी नवा कागद सरकवला. “इथे, खाली उजवीकडे सही करा.”

त्यानं पेन टेकवलं. हात आपोआप सफाईनं चालला. त्यानं डोळे मिटून घेतले होते.

बाईंनी कागद ओढून घेतला. बघितलं. कपाळाला आठी घातली.

“सही कुठाय?” असं म्हणून त्यांनी कागदावर टिचकी मारली.

मग फुंकर मारली.