कड्यातली ऊब

धातू वितळवायचाच नाही, ही त्या कारखान्याची खुबी. धातूची बारीक पूड वायूच्या झोतातून अशा वेगाने मारायची, की ती खालच्या पातळ कड्यावर आपटून तिथेच घट्ट बसते. थरावर थर चढतात आणि माणसाच्या उंचीचं जाडजूड कडं उभं राहतं. सांगायला सोपं आहे. फवारणी सुरू झाली की बंद खोलीबाहेरसुद्धा कानठळ्या बसतात. त्या गोंगाटातही ज्याचा आवाज ऐकू यायचा, त्याला सगळे भोंगा म्हणत. झोताचं यंत्र तोच चालवायचा. त्याची थोरली बहीण तिथेच तयार माल तपासायची. घरी ती त्याची ताई, म्हणून कारखान्यातही शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांची ताईच.

नियम एकच, पण कडक. फवारणीआधी खालचं कडं धुऊनपुसून झालं, की त्याला उघडा हात लावायचा नाही. कातडीचा तेलकटपणा राहिला तर वरची पूड धरत नाही. भोंग्याला मात्र प्रत्येक काम सुरू करताना, "चल बाई, नीट हो," म्हणत थोपटायची खोड. हातमोजे घालून थोपटायचा, म्हणून कुणी बोलत नसे. जहाजाच्या कड्याच्या वेळी त्याने नाक खाजवायला मोजा काढला आणि तसाच तळवा टेकवला. ताईने काचेतून पाहिलं. ओरडायला हवं होतं. पण पुन्हा धुवायचं म्हणजे अख्खा दिवस फुकट, आणि साहेबांनी त्याला आधीच बजावलं होतं, आता एक चूक केलीस की घरचा रस्ता धर. ती मूग गिळून बसली. तपासणीत सापडेलच की, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

तपासणीत काहीच सापडलं नाही. छोट्या हातोडीने ठोकलं की पोकळ जागा बद्द वाजते. हे कडं सगळीकडे खणखणीत वाजलं. मग तिने नेमक्या त्या जागेवर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. बाकीचं कडं गार पडलेलं, तेवढी जागा कोमट. दुसऱ्या दिवशी सकाळीही कोमट. तिथे ऊन येत नव्हतं, जवळ भट्टीही नव्हती.

"भोंग्या, इथे जरा हात लाव बघू."

"माझ्या हाताला काय कळणार? कालपासून बधिर झालाय." त्याने उजवा तळवा तिच्या गालाला लावला. "बघ! आता बर्फाचं दुकानच टाकतो."

ताई दचकली. तळवा लोखंडासारखा गार होता. तिने वळून पुन्हा त्या जागेवर हातोडी मारली.

"आई गं! ताई, मारतेस कशाला?"

"मी तुला कुठे मारलं?"

तो तळवा चोळत होता. तिने त्याला पाठ करून उभं राहायला लावलं. कड्याच्या दुसऱ्या टोकाला ठोकलं, तो हलला नाही. कोमट जागेवर अगदी हळू ठोकलं, त्याने हात छातीशी ओढून घेतला.

"काय चाललंय तुझं?" त्याचा आवाज बारीक झाला होता.

तिने हातोडी खिशात टाकली.

तेवढ्यात साहेब आले. "ताई, गाडी दारात उभी आहे. सही करा."

"साहेब, एक जागा जरा गरम लागते. म्हणजे, कोमट."

"आवाज बरोबर आहे ना? मग अडलंय कुठे? पटत नसेल तर तेवढा भाग कापून काढू आणि पुन्हा भरू. कापणारा रिकामाच बसलाय."

ताईने भावाकडे पाहिलं. त्याने हात काखेत दडपला होता.

"नको! कापू नका!" ती इतकी जोरात ओरडली की साहेबच मागे सरकले. तिने सही केली. कडं गेलं. तिकडे त्याला कोण ठोकतंय, म्हणून तिला जरा हायसं वाटलं.

मग हात ओला व्हायला लागला. पुसला की पुन्हा ओला. डॉक्टर म्हणाले, घाम आहे. पण बोटांची टोकं ढीगभर कपडे धुतल्यासारखी सुरकुतली होती. ताईने थेंब जिभेला लावला. खारट. घामही खारटच असतो म्हणा. तरी वेड्यासारखा तिला धीर आला. कडं जहाजाला बसलं असेल, समुद्रात उतरलं असेल. निदान कशाचा कशाशी मेळ तरी लागला. पाण्यात आहे, तर बाहेरही काढता येईल. पाया पडेन, पण परत मागवेन.

भर दुपारी तिने घरूनच गोदीत फोन लावला.

"ते कडं होय?" तिथला गोदामवाला म्हणाला. "अहो, जहाजच आलेलं नाही. पेटी अजून उघडली नाही आम्ही."

"नीट बघितलंत?"

"बघायचं काय त्यात? तिच्यावरच बसून चहा पितोय. कोरडीठाक आहे."

ताईने फोन ठेवला.

भोंगा समोर डाव्या हाताने जेवत होता. "काय म्हणाले?" त्याने कुजबुजत विचारलं.

सकाळी त्याचं मनगट ओलं होतं. आता सदऱ्याची बाही कोपरापर्यंत भिजली होती, आणि तिच्या डोळ्यांदेखत ओल खांद्याकडे चढत होती.