उधाणाला नेट गुल!

"अनुज, दरवाजा सोडू नकोस! मी डावीकडून येतेय!"

"उभाच आहे मी दरवाजात! येऊ दे त्यांना... ए, ए... गेलं!"

मोबाईलच्या पडद्यावर अनुजचा शिपाई एक पाय उचलून तसाच गोठला. शत्रूचे दोन सैनिक आले, त्यांनी त्याला आरामात टिपलं आणि शांतपणे किल्ल्यात शिरले. खेळ खल्लास!

'गडझुंज' हा तिघा-तिघांचा ऑनलाइन खेळ; समोरच्याच्या किल्ल्यातले जास्त झेंडे मिळवेल ती टीम जिंकणार. स्वरा आणि ज्ञानेश बोईसरच्या कॉलनीत राहायचे आणि अनुज तिकडे समुद्राकाठी, दांडीला. तिघं आठवीत, एकाच वर्गात. दिवाळीच्या सुट्टीत तिघांनी मिळून थेट फायनल गाठली होती.

पुढच्याच मिनिटाला स्वराचा फोन आला.

"कालही असंच, आजही असंच! रविवारी सकाळी अकराला सफाळ्याच्या टीमबरोबर फायनल आहे, अनुज! नावं शनिवारी रात्री आठपर्यंत द्यायची आहेत. तोवर नेट सुधारलं नाही, तर तुझ्या जागी सुजित!"

"सुजित? त्याला डावं-उजवं तरी कळतं का?"

"नाही कळत. पण त्याचं नेट पळतं."

किल्ल्याचा दरवाजा राखण्यात अनुजचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे स्वरालाही माहीत होतं. पण गोठलेल्या शिपायाचा काय उपयोग? त्याला रडूच फुटायचं बाकी होतं. रडायचं नव्हतं, म्हणून तो लहान बहिणीवर ओरडला, "हिना, तिकडे हो!"

हिनाने चटकन पेन घेतलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल फुली मारली.

"हे काय?"

"तू ओरडलास की मी फुली मारते. आई भाऊबिजेपासून मामाकडे आहे ना? ती आली की सगळं दाखवणार!"

हिना दहा वर्षांची होती, पण हिशेब चुकता करण्यात पक्की!

शुक्रवारी सकाळी स्वरा आणि ज्ञानेश शेअर रिक्षाने दांडीत हजर झाले. "म्हटलं, नाव कापण्याआधी एकदा बघावं तरी," स्वरा म्हणाली. ती तापट होती, पण अन्यायी नव्हती.

"केबलवाल्या मेहुलकाकांना तीनदा फोन केला," अनुज म्हणाला. "दर वेळी एकच उत्तर. वरून प्रॉब्लेम आहे!"

"वरून म्हणजे कुठून? आभाळातून?" हिनाने विचारलं.

मोबाईलच्या टॉवरची तर घरात जेमतेम एक काडी. फोन कसाबसा लागायचा, खेळ कसला चालतोय! ज्ञानेशने नेटचा डबा उलटा केला, सुलटा केला, त्यावर फुंकर मारली. डब्यावरचा लाल दिवा काही हिरवा होईना. मग त्याचं लक्ष कॅलेंडरकडे गेलं.

"अनुज, हे बघ. तू रोज नाही ओरडत. भाऊबिजेपासून चतुर्थीपर्यंत फुल्याच फुल्या. पंचमीपासून नवमीपर्यंत एकही नाही. आता परत सुरू! त्या पाच दिवसांत शहाणा कसा झालास?"

"त्या पाच दिवसांत नेट मस्त होतं," अनुज म्हणाला आणि बोलता बोलता थांबला. तो कोळ्याचा मुलगा. तिथ्या त्याला पाढ्यांसारख्या पाठ होत्या. "अरे! हे तर भांगाचे दिवस!"

"कसला भांग? केसांचा?" स्वराने विचारलं.

हिना खिदळली. "नाय गं! अष्टमीच्या आसपास भरती लहान असते, पाण्याला जोर नसतो. त्याला भांग म्हणतात. अमावास्या-पौर्णिमेला मोठं पाणी येतं, ते उधाण!"

"म्हणजे भांगाला नेट चालू आणि उधाणाला नेट गुल!" ज्ञानेशने टाळी वाजवली. "सापडलं! उधाणाचं पाणी वायरीत शिरतंय!"

"आणि रविवारी चतुर्दशी आहे," अनुज हळूच म्हणाला. "ऐन उधाण."

चौघं वायरीच्या मागावर निघाले. घरातून निघालेली काळी वायर विजेच्या खांबावर, तिथून शाळेच्या भिंतीवर गेली होती. पाण्याच्या जवळपासही नव्हती! ज्ञानेशचा चेहरा पडला. पुढे वायर वाळूकडे वळली आणि चौघंही जागीच थांबले.

समोर शेजारच्या चंद्रकांताकाकींची वलांडी होती. वलांडी म्हणजे बोंबील वाळवायची बांबूंची मांडणी. दोन-दोन बोंबील एकमेकांच्या तोंडात अडकवून काकी आडव्या दोऱ्यांवर टाकत होत्या. हजारो ओले बोंबील! कडेचा उभा वासा त्या ओझ्याने समुद्राकडे वाकला होता. आणि मेहुलकाकांची वायर त्याच वाशाला करकचून बांधलेली होती!

"भांगाला बोंबील मिळत नाहीत, वलांडी रिकामी. उधाणाला बोंबीलच बोंबील!" अनुज ओरडला. "वासा वाकतो, वायर ताणली जाते, गाठीपाशी मुडपते!"

"काकी, ही वायर इथे कुणी बांधली?" स्वराने विचारलं.

"त्या मेहुलनं," काकी हात न थांबवता म्हणाल्या. "वादळात त्याचा खांब पडला ना! म्हणाला, दोन दिवस र्‍हाऊ द्या. आमी म्हटलं, र्‍हाऊ दे बाबा. का रं पोरांनो, काय झालं?" अनुजने नेटची आणि रविवारच्या खेळाची हकीकत सांगितली.

अनुज आणि ज्ञानेशने वासा धरून सगळ्या ताकदीने मागे ओढला. हिना धावत घरी गेली आणि दारातून ओरडली, "हिरवा! दिवा हिरवा झाला!" दोघांनी वासा सोडला. "लाल!"

"दोरीने मागे ओढून बांधू या का?" ज्ञानेशने धापा टाकत विचारलं.

"नको रं! वासा मोडला तर अख्खी वलांडी झोपेल," काकी घाबरून म्हणाल्या. मग त्यांनी अनुजच्या तोंडाकडे पाहिलं. "तुमचा तो खेळ रविवारी हाय ना? त्या दिशी बोंबील नाय टाकत मी."

"मग ते कुजतील, काकी!" अनुज ताडकन म्हणाला. "उधाणाचे चार दिवस तर मिळतात तुम्हाला. बोंबील काढायचे नाहीत. माझी जागा गेली तरी चालेल."

स्वरा त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने ओढणी कमरेला खोचली. "जागाबिगा काही जात नाही! चूक मेहुलकाकांची आहे, खांब तेच घालतील. मला एक युक्ती सुचलीय."

शनिवारी सकाळी दहा वाजता स्वरा बोईसरला मेहुलकाकांच्या दुकानात उभी होती. भिंतीवरच्या यंत्रावर प्रत्येक गावाचा एक दिवा होता. दांडीचा दिवा लाल होता.

"अरे बेटा, किती वेळा सांगू? वरून प्रॉब्लेम आहे," मेहुलकाका चहाचा घोट घेत म्हणाले.

"मग काका, मी इथे टाळी वाजवून दांडीचं नेट आणून दाखवू?"

"हा हा! दाखव, दाखव!"

"आणून दाखवलं, तर मी सांगेन ते काम आजच्या आज करायचं."

"मंजूर! चल, वाजव टाळी!"

स्वराच्या हातातला फोन मघापासून चालूच होता, हे काकांच्या गावीही नव्हतं. तिने टाळी वाजवली. तिकडे दांडीत फोन कानाला लावून हिना वाशापाशी उभ्या अनुज-ज्ञानेशला ओरडली, "ओढा!"

दिवा हिरवा झाला!

मेहुलकाकांच्या बशीत चहा सांडला. "योगायोग आहे हा!"

स्वराने पुन्हा टाळी वाजवली. दिवा लाल. पुन्हा वाजवली, हिरवा! पुन्हा, लाल!

"बस कर, बस कर! ही काय जादू आहे?"

"जादू नाही, काका. तुमची गाठ आहे. काकींच्या वलांडीला बांधलेली! बोंबलांचं वजन पडलं की नेट जातं, आणि तुम्ही आभाळाकडे बोट दाखवता!"

काकांनी खाली मान घातली. "हां... म्हटलं होतं, दोन दिवस..."

"दोन दिवस? दसरा गेला, दिवाळी गेली!"

दुकानात बसलेली दोन गिऱ्हाईकं खो खो हसली. काकांनी निमूटपणे माणसांना फोन लावला. दुपारी तीनला लोखंडी खांब दांडीत पोचला, आणि संध्याकाळी वायर वलांडीपासून चांगली दहा हात लांब, स्वतःच्या खांबावर नीट बसली होती. काकींचे बोंबील तसेच लटकत होते आणि दिवा हिरवा होता.

पावणेआठला स्वराने नावं पाठवली. स्वरा, ज्ञानेश, अनुज.

रविवारी तर स्वरा आणि ज्ञानेश पुन्हा दांडीत हजर! "आम्ही इथूनच खेळणार," स्वरा म्हणाली. "एकाच नेटवर. बुडालो तर तिघं बुडू!"

अकराला झुंज सुरू झाली. चंद्रकांताकाकीही हात धुऊन येऊन बसल्या. अनुजने दरवाजा असा राखला की सफाळ्याची टीम चार वेळा परत गेली. शेवटची दोन मिनिटं उरली. दोन्ही टीमचे झेंडे सारखे! शत्रूचा एक सैनिक भाला उगारून दरवाजापाशी आला आणि एक पाय उचलून तसाच गोठला.

"मार, अनुज! मार त्याला!" ज्ञानेश किंचाळला.

अनुजने बोट पडद्यावरून उचललं. असाच उभा असायचा त्याचा शिपाई. अगदी असाच.

"त्याचं नेट गेलंय," तो म्हणाला. "मी नाही मारणार."

"अरे, फायनल आहे!"

स्वराने आपला सैनिकही थांबवला. वीस सेकंद गेले. गोठलेला सैनिक हलला, भाला फिरला, जोराची झटापट झाली आणि शेवटच्या क्षणी सफाळ्याने एक झेंडा जास्त मिळवला. हरले!

तेवढ्यात पडद्यावर सफाळ्याच्या त्या मुलाचा निरोप उमटला. 'थांबलात, थँक्यू. आजवर कुणीच थांबलं नव्हतं.'

काकींना काही उमगलं नव्हतं. "काय झालं रं? जिंकलात का हरलात?"

अनुजने सगळं सांगितलं. काकींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बोंबलांचा वास असलेला, खरखरीत हात.

"दर्यात दुसऱ्याचं इंजिन बंद पडलं, तर आमी आपलं जाळं ओढत नाय बसत. थांबतो. तुझ्या आज्यानं तेच केलं, बापानं तेच केलं. तू पण कोळ्याचाच पोर शोभलास!"

अनुजच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. या वेळी त्याने ते लपवलं नाही.

"दरवाजावर कायम अनुजच!" स्वरा म्हणाली. "सुजितचं नावही काढायचं नाही!"

हिना मात्र कॅलेंडरपाशी उभी होती. आजच्या चौकटीवर तिने पेन टेकवलं, क्षणभर दादाकडे पाहिलं आणि फुली मारायचं सोडून तिथे एक छोटासा झेंडा काढला.