थांबण्याचा रकाना

आधीच सांगून ठेवतो, ही गोष्ट रात्रीची नाही.

अंधार नाही, ओसाड बंगला नाही. भर दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटं, आणि लख्ख ऊन. भूत म्हटलं की ज्यांना काळोखच लागतो त्यांनी दुसरीकडे जावं. मी घडलं तेवढंच सांगणार, तिखटमीठ न लावता.

मी इलेक्ट्रिशियन आहे. वायर, स्विच, बेल यांत माझी वीस वर्षं गेली. आणि हे ज्यांच्या बाबतीत घडलं ते माझ्या ताईचे यजमान, आमचे दाजी. खोटं बोलायला गेले की त्यांचे कान लाल होतात. लग्नापासून आम्ही त्यांना त्यावरून चिडवत आलोय. म्हणून त्यांनी मला हे सगळं सांगितलं, तेव्हा मी त्यांच्या कानांकडेच बघत होतो.

कान पांढरेफटक होते.

दाजी एका मोठ्या ऑनलाइन दुकानात नोकरीला. मोबाईलवर बोट दाबलं की वस्तू दारात, त्यातलं दुकान. पूर्वी यांचा माल एक जुनी कुरिअर कंपनी पोचवायची. मग वरच्यांच्या डोक्यात आलं, दुसऱ्याच्या जिवावर किती दिवस उड्या मारायच्या? आता आपल्याच गाड्या, आपलीच गोदामं, आपलीच माणसं. कुरिअरवाल्यांची सुट्टी!

पण गाड्या विकत मिळतात, माहिती मिळत नाही. कोणाची बेल बंद असते, कोणाचा कुत्रा नुसता भुंकतो आणि कोणाचा खरंच चावतो, कुठल्या इमारतीची लिफ्ट मध्येच अडकते, हे सगळं कुरिअरवाल्यांच्या डोक्यात. ते काढून आणायचं काम दाजींवर आलं.

त्यांनी गाठलं सावकाशभाऊंना.

खरं नाव वेगळं होतं, पण अख्खी कुरिअर कंपनी त्यांना सावकाशभाऊच म्हणायची. साठीला आलेला, उंच, किडकिडीत माणूस. बेल एकदाच वाजवायचे. मग दाराशी तोंड नेऊन म्हणायचे, "सावकाश या, मी आहे."

आणि थांबायचे. आतून पावलं वाजेपर्यंत, कडी निघेपर्यंत. कितीही वेळ लागो.

दाजी सहा दिवस त्यांच्या गाडीत शेजारी बसले. सांगितलं काय, तर "ग्राहकांची सोय बघायला आलोय." सहाही दिवस कान लाल असणार, पण त्या भल्या माणसाला काय कळणार! त्यांनी दाजींना आपला अर्धा डबा दिला. चौथ्या दिवशी स्वतःची वहीसुद्धा दिली.

"घ्या साहेब, उतरवून घ्या. नवीन माणसांना उपयोगी पडेल."

वहीत एकेक दार लिहिलेलं. नंबर, बेल कुठे, कुत्रा आहे का. आणि शेवटचा रकाना, थांबणे. 'तीन मिनिटं, गुडघे.' 'चार मिनिटं, ऐकू कमी येतं.' 'दोन मिनिटं, बाळ झोपलेलं असतं.'

दाजींनी पानन् पान मोबाईलमध्ये टिपलं.

पाचव्या दिवशी गाडी एका ओळखीच्या गल्लीत शिरली. दार नंबर एकशे सात.

ते दाजींच्या आईचं घर होतं.

आई एकटीच राहायची. दाजी गाडीतून उतरले नाहीत. उतरले असते तर तिने तासभर बसवून घेतलं असतं, 'इतक्या दिवसांनी आलास' म्हणून रडली असती. सीटवर सरकून, मान खाली घालून बसले बिचारे. हो, बिचारेच म्हणतो. आपले दाजी आहेत, काय करणार. पण हातातलं घड्याळ मात्र चालू होतं.

बाहेर सावकाशभाऊ दाराशी उभे. आतून आईची काठी टक... टक...

पाच मिनिटं दहा सेकंद.

"फार वेळ जातो हो इथे," सावकाशभाऊ परत आल्यावर दाजी म्हणाले.

"म्हातारं माणूस आहे साहेब. यांच्याकडे दुसऱ्यांदा बेल वाजवायची नाही. घाई करतात आणि पडतात. एकदा पडल्यात."

आपली आई पडली होती, हे दाजींना कुरिअरवाल्याकडून कळलं.

वहीतली माहिती कंपनीच्या मशीनमध्ये भरायची वेळ आली, तेव्हा दाजींच्या वरच्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं, एका दाराला चाळीस सेकंद. थांबण्याचा रकाना धरला तर दिवसाला तीस पार्सलं कमी जात होती. दाजींनी तो रकाना निवडला आणि एक बटण दाबलं.

सगळी दारं तशीच राहिली. थांबणं तेवढं गेलं.

"आई तेव्हा आठवली नाही?" मी त्यांना विचारलं.

"आठवली," दाजी म्हणाले. "म्हटलं, तिच्याकडे कुठे रोज पार्सल येतं?"

आठ महिन्यांत नव्या गाड्या रस्त्यावर आल्या. दुकानाने कुरिअर कंपनीला माल देणं बंद केलं. तिथली शाखा बंद पडली, आणि सावकाशभाऊ घरी बसले.

एका सकाळी नऊ वाजता ते दाजींच्या गोदामाच्या गेटवर आले. काखेत वही. वॉचमन आत आला. "साहेब, तो माणूस तुम्हालाच भेटायचं म्हणतोय. एका दाराबद्दल काहीतरी सांगायचंय म्हणे."

दाजींना वाटलं, नोकरी मागायला आलाय. समोर जायचं तोंड नव्हतं. नाही म्हणायलाही जीभ रेटेना.

"येतोय म्हणावं," ते म्हणाले. "थांबायला सांग."

आणि गेले नाहीत.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर गेट दिसत होतं. दहा वाजता सावकाशभाऊ उभे. अकराला उभे. बाराला पायरीवर बसले. दाजी दर वेळी म्हणायचे, हे एवढं काम संपवतो आणि जातो. मग दाजींनी पडद्यावरचं ते चित्रच बंद केलं.

दोन चाळीसला वॉचमन पळत आला.

"साहेब... तो माणूस उठत नाहीये."

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. उन्हाने म्हणा, वयाने म्हणा. कोणीही दाजींना काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं ते आजही म्हणतात.

तीन आठवडे गेले. मग रूट नऊवर गडबड सुरू झाली.

रूट नऊ म्हणजे सावकाशभाऊंचाच जुना भाग. तिथे एक मुलगी गाडी चालवायची, तिला सगळे वादळ म्हणायचे, इतकी झपाझप काम करायची. दाराशी पोचलं की तिच्या हातातल्या मशीनवर सेकंद धावायला लागत, पार्सल दिल्याचं बटण दाबलं की थांबत. तर तिचे सेकंद थांबेनात. ती पुढच्या दाराला पोचलेली असायची, आणि मागच्या दाराची वेळ चालूच.

दाजींनी तिला झाडलं. "बटण नीट दाबत जा. डोळे कुठे असतात?"

"साहेब, मी दाबते. तुम्हीच बघा ना."

दाजींनी त्या दिवसाचा कागद काढला. एका दाराला तीन मिनिटं, एकाला चार, एकाला दोन. कुठेतरी पाहिल्यासारखे वाटले आकडे. मोबाईलमधली वहीची पानं उघडून त्यांनी शेजारी धरली...

एकही आकडा चुकलेला नव्हता.

जो रकाना त्यांनी पुसला होता, तोच मशीन रोज भरत होतं.

आठवड्याभरात वादळने काम सोडलं. जाताना दाजींच्या टेबलापाशी आली. एरवी तोंडाळ पोर, पण त्या दिवशी कुजबुजत बोलली.

"साहेब, मी गाडीत बसते ना... तेव्हा मागे दाराशी कोणीतरी बोलत असतं. मी वळून बघितलं. कोणी नसतं."

"काय बोलतं?"

"सावकाश या म्हणतं."

दाजींनी ताईला सांगितलं नाही, मलाही नाही. आईकडेही गेले नाहीत. मात्र आईसाठी एक नवी काठी मागवली. जुनीचा तळ झिजला होता, आई फोनवर बोलली होती. स्वतः नेऊन द्यायला वेळ नव्हता, म्हणून आपल्याच दुकानातून पाठवली.

रूट नऊने.

त्या दिवशी बारा पन्नासला दाजींच्या कॉम्प्युटरवर एकशे सात नंबरच्या दाराची नोंद सुरू झाली. नव्या ड्रायव्हरने पार्सल दिल्याचं बटण दाबलं, उंबऱ्यावर ठेवलेल्या काठीचा फोटोही आला. तो पुढे निघून गेला.

एकशे सातचे सेकंद मात्र चालूच राहिले...

पाच मिनिटं दहा सेकंद झाले की थांबेल, दाजींना माहीत होतं. आता सवय झाली होती.

पाच दहा. पाच अकरा. पाच बारा.

थांबलं नाही.

वीस मिनिटं झाली. दाजींनी आईला फोन लावला. वाजत राहिला. झोपली असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. तेवढ्यात मॅडमनी मीटिंगला बोलावलं, आणि दाजी गेले. हे सांगताना ते माझ्यासमोर ढसाढसा रडले. "फोन उचलत नव्हती रे ती. आणि मी मीटिंगला गेलो."

परत आले तेव्हा पडद्यावर दीड तास झाला होता. सेकंद धावतच होते.

मग मात्र दाजी पळाले.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. उंबऱ्यावर काठीचं लांबट पार्सल तसंच पडलेलं. घड्याळात दोन चाळीस. त्यांच्याकडे दुसरी किल्ली होती. दार ढकललं, तर ते पुरतं उघडेना.

आई दारामागेच पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं.

पण ती शुद्धीवर होती, आणि शांत होती. दाजींना बघून पहिलं वाक्य काय बोलली असेल?

"तू आलास? मग तो गेला का रे?"

"कोण, आई?"

"तो पूर्वीचा कुरिअरवाला. पहिली बेल वाजली, मी उठले. लगेच दुसरी वाजली, म्हणून घाई केली आणि पडले. ओरडायलाही येईना. तेवढ्यात बाहेरून तो म्हणाला, सावकाश या, मी आहे. मी म्हटलं, पडलेय रे बाबा. तर म्हणाला, मी थांबतो, तुमचा मुलगा येईपर्यंत थांबतो. दोन तास बोलत होता माझ्याशी बिचारा. त्याला पाणी तरी दे."

दाजी बाहेर आले. रणरणतं ऊन. कोणी नव्हतं.

पार्सलच्या शेजारी उंबऱ्यावर मात्र सावली पडली होती... उंच, किडकिडीत.

दाजींची स्वतःची सावली त्यांच्या पायाशी होती. ही दुसरी होती. ते बघत असतानाच ती पायरी उतरून गेली.

आई वाचली. डॉक्टर म्हणाले, बोलत राहिली म्हणून शुद्ध राहिली. दाजींनी त्याच संध्याकाळी कोणाला न विचारता तो रकाना परत भरला, सगळ्या दारांचा. मॅडम चिडल्या, पण यांचा चेहरा बघून तो तसाच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी वॉचमनने एक वही आणून दिली. सावकाशभाऊ गेले तेव्हा त्यांच्या मांडीवर होती, त्याने जपून ठेवली होती. एका पानाचा कोपरा दुमडलेला. एकशे सात नंबरचं पान. खाली पेन्सिलने लिहिलं होतं, 'नवीन मुलं इथे थांबत नाहीत, दोनदा बेल वाजवतात. आजी पडतील. साहेबांना सांगणे.'

नोकरी मागायला आलेच नव्हते ते. दाजींच्या आईसाठी आले होते. आणि ती दाजींची आई आहे, हेही त्यांना माहीत नव्हतं.

रूट नऊचं मशीन त्या दिवसापासून सरळ चालतंय. आई आता ताईकडेच असते. दाजींना वाटलं, झालं एकदाचं.

मग एका दुपारी ताईचा फोन आला. "बेल बघून जा रे जरा. रोज आपोआप वाजते."

मी गेलो. दाजींनी आधी गच्चीवर नेऊन मला हे सगळं सांगितलं. मग मी बेल तपासली, चोख होती. तरी म्हटलं, कटकट नको. वायर काढली आणि बेलचा डबा खाली उतरवून टेबलावर ठेवला.

दोन चाळीस झाले.

बेल वाजली... एकदाच.

डबा माझ्या समोर, टेबलावर. वायर माझ्या हातात. वीस वर्षांत असं कधी झालेलं नाही, आणि कसं झालं ते मला विचारू नका.

दाजी रजेवर होते. खोलीतून आले आणि दारापाशी जाऊन उभे राहिले. कडीवर हात ठेवला.

"उघडा ना दाजी," मी म्हटलं.

"उघडून काय सांगू त्यांना?"

आतल्या पलंगावरून आई ओरडली, "अरे, जा की! तूच सांगितलंस ना, येतोय म्हणून? सकाळपासून बसलाय तो पायरीवर."

माझ्या अंगावर काटा आला. गेटवरची ती गोष्ट दाजींनी फक्त मला सांगितली होती, आणि तीही अर्ध्या तासापूर्वी, गच्चीवर.

"आई, तुम्हाला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"कोण सांगणार? तोच म्हणाला."

दाजींनी कडीवरचा हात काढला. कपाळ दाराला टेकवलं. आणि अगदी हळू आवाजात म्हणाले,

"येतोय... थांबा."

मी त्यांचे कान बघितले. लालबुंद झाले होते.

बाहेरून उत्तर आलं. मी माझ्या कानांनी ऐकलं. रागाचा लवलेश नव्हता त्या आवाजात, तेच जास्त वाईट.

"सावकाश या. मी आहे."

याला आता दीड वर्ष होईल. दोन चाळीसला बेल रोज वाजते, आणि दाजींनी तेव्हा अजून एकदाही दार उघडलेलं नाही. मी ताईकडे जातो, पण संध्याकाळी जातो.