केऱ्या, दगड्या आणि मी

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी आमची प्रयोगशाळा होती. दोन मजली, पिवळी. पुढं बुचाची झाडं आणि मागं पत्र्याचं एक लांबट घर. त्या घरात दोनशे पांढरे उंदीर राहायचे. कागदोपत्री ते 'प्राणिगृह', आम्ही उंदीरखाना म्हणायचो. सकाळी आठला कुलूप काढलं की भाताच्या तुसाचा, भिजल्या चण्यांचा आणि उंदरांच्या मुताचा असा एक उबदार वास अंगावर यायचा. पहिल्या आठवड्यात त्यानं मळमळायचं. दुसऱ्या वर्षी रविवारी घरी चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. मी तिथं सहायक होतो. धडधाकट उंदराला हिवताप द्यायचा, हे माझं काम. माणसाचा हिवताप उंदराला लागत नाही, पण त्या तापाचा एक भाऊबंद आहे, तो उंदरांना लागतो आणि माणसासारखाच डोक्यात चढतो. तो कसा चढतो, मेंदूतल्या रक्ताच्या बारीक वाटा कुठं तुंबतात, हे आमच्या उत्तरामॅडमना शोधायचं होतं. मी सुई टोचायचो, रोज शेपटीच्या टोकाचा थेंब काचेवर घ्यायचो, रंगवायचो आणि सूक्ष्मदर्शकाखाली जंतू मोजायचो. सातव्या दिवशी उंदीर कुडकुडायला लागे. नवव्या दिवसापर्यंत सगळं आटपे. यात अपवाद नव्हता.

प्रत्येक उंदराला स्वतंत्र पिंजरा, आणि पिंजऱ्यावर पत्र्याची एक खाच. खाचेत कार्ड. कार्डावर नंबर.

त्या नंबरांवरूनच द्रौपदीबाईंचं आणि माझं पहिलं भांडण झालं.

द्रौपदीबाई उंदीरखान्यात झाडलोट करायला नव्यानं लागल्या होत्या. मूळच्या कणकवलीकडच्या, पण भांडुपला वीस वर्षं काढलेली, त्यामुळे बोलणं अर्धं मालवणी, अर्धं मुंबईचं. नवरा गिरणीत होता तो संपानंतर घरी बसलेला. बाई मात्र कधी बसलेल्या मी पाहिल्या नाहीत. उंदरांना तूस घालतानाही त्यांचं ओठांतल्या ओठांत गाणं चालायचं.

"झिला, ह्यांका नावां नाय?" तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं.

"नंबर आहेत की."

"नंबर म्हंजे रांग. रांग लागली की पुढचो कोण तरी हाक मारतोच. दवाखान्यात बघ. नंबर बारा, चला आत!"

बारा नंबरचा उंदीर त्याच दिवशी गेला होता.

"माका लिवता येत नाय. तू लिव. ह्यो केऱ्या."

"केऱ्या?"

"केर. केराक कोण नेता?"

मी हसलो. पण लिहिलं. नंबर खोडून पेन्सिलीनं 'केऱ्या'. मला ही रीत काही नवी नव्हती. माझं स्वतःचं नाव धोंडिराम. माझ्या आधीची तीन भावंडं बारशाच्या घुगऱ्या वाळायच्या आत गेली. त्यांची नावं मोठी छान होती. चौथ्या वेळेला आईनं शहाणपण केलं. मुलाचं नाव धोंडा, उजव्या नाकपुडीला भोक, अंगावर दुसऱ्यांचे जुने कपडे. न्यायला आलेल्याला वाटावं, यात काय न्यायचं? नाकपुडीवर तो बारका खड्डा अजून आहे. आई आदल्या वर्षी गेली, तोवर मला हाक मारताना तिचा हात आपोआप माझ्या नाकाशी यायचा.

केऱ्याला टोचल्यापासून दहावा दिवस उजाडला. अकरावा उजाडला. मी काच बघितली आणि पुसून पुन्हा बघितली. रक्त जंतूंनी भरलं होतं, इतरांसारखंच. पण केऱ्या मागच्या पायांवर उभा राहून चणा कुरतडत होता. रोग होता. मरण तेवढं आलं नव्हतं.

"काय रे, भलतंच काहीतरी टोचलंस वाटतं?" उत्तरामॅडम म्हणाल्या.

म्हणून मी ते रीतसर करायचं ठरवलं. एकाच वयाचे, एकाच वजनाचे वीस उंदीर. एकाच बाटलीतलं रक्त, एकच सकाळ, एकच सुई धरणारा हात. दहांना नंबर. दहांना द्रौपदीबाईंनी नावं दिली. दगड्या, उकिरड्या, चिंधी, शेणी, कोंडा, फत्तऱ्या, भिक्या, गोवरी, खापऱ्या आणि एक नुसताच 'मेलो'. "आधीच मेल्याक कोण मारतलो?" बाई म्हणाल्या आणि स्वतःच इतक्या हसल्या की तुसाची पाटी हातातून पडली.

कुलपाची किल्ली त्या नऊ दिवसांत मी माझ्याच खिशात ठेवली.

नवव्या सकाळी दहाही नंबर गेले होते. दहाही नावं जिवंत होती, आणि भुकेली.

मग कार्डांकडे लक्ष गेलं. मेलेल्या उंदरांची कार्डं खाचेत उलटी होती, डोकं खाली. कोणी काढून पुन्हा बसवताना घाईत उलटी घालावीत तशी. जिवंतांची कार्डं सुलटी होती, पण दहाच्या दहा खाचेतून अर्धं बोट वर आलेली. वर ओढून, वाचून, तशीच सोडून दिलेली.

"तुम्ही हात लावलात?"

"मी आताच तुझ्या मागसून येतंय ना?" बाई म्हणाल्या. त्यांनी दहाही कार्डं अंगठ्यानं आत दाबली, एकेक, बाळाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करावं तशी, आणि त्यांचं गाणं सुरू झालं. मी पहिल्यांदाच त्यातले शब्द नीट ऐकले.

केर लोटला कोपऱ्यात, त्याला कोण गं विचारी
सोनं ठेविलं उशाशी, चोर बसला शेजारी

दगड दारीचा गं माझ्या, कोण उचलून नेतो
पाहुणा वाटेचा, नाव पुसून माघारी जातो

मॅडमना मी आकडे दाखवले. कारण विचारलं तेव्हा खरं ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि पाच मिनिटं हसत राहिल्या.

"धोंडिराम, पेपरात काय लिहू मी? साहित्य आणि पद्धती: बारसं?"

त्यांनी ठरवलं की ते अकरा उंदीर मुळातच चिवट निघाले. नवे उंदीर मागवले. नावांचे दहा आणि केऱ्या खिडकीजवळच्या फळीवर गेले आणि तिथं लठ्ठ व्हायला लागले.

पण माझ्यातल्या प्रयोग करणाऱ्याला चैन पडेना. फक्त एकच गोष्ट तपासायची राहिली होती. द्रौपदीबाई शिमग्याला गावी गेल्या, तेव्हा मी दगड्याचं कार्ड काढलं. दगड्या माझा आवडता, माझ्या बाहीतून खांद्यापर्यंत चढायचा. त्याचं नाव खोडून मी चांगल्या अक्षरात लिहिलं, 'राजस'. मग त्याला चणा दिला आणि कुलूप लावून घरी गेलो.

सकाळी खिडकीत ऊन आलं होतं. नऊ नावं आणि केऱ्या जाळीला नाक लावून उभी होती. राजस कुशीवर पडला होता, अंगावर ओरखडासुद्धा नाही.

कार्ड उलटं होतं.

गावाहून आल्यावर द्रौपदीबाईंनी फळी मोजली. माझ्याकडे बघितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सांगलंस तू तेका," एवढंच त्या म्हणाल्या. "हयसर चांगला कायतरी आसा, असा सांगलंस."



आणि दोन महिन्यांपूर्वी मी स्वतःचंही नाव बदलायचा अर्ज केला होता.

झालं असं की माझं लग्न ठरलं होतं. घाटकोपरची मुलगी, अनुपमा, शाळेत शिकवायची. पाहायला गेलो तेव्हा तिच्या मामांनी नाव विचारलं. 'धोंडिराम' म्हटल्याबरोबर आतल्या खोलीत कोणीतरी खुदकन हसलं. ती अनुपमाच होती, हे पुढं तिनंच कबूल केलं. तिच्या हसण्यात विखार नव्हता, पण मला ते लागलं. आई गेलेली, आता कोणाला वाईट वाटणार होतं? मी चर्नी रोडच्या सरकारी छापखान्यात नाव बदलाचा अर्ज देऊन आलो. धोंडिराम परबचा जयवंत परब. कोणाला सांगितलं नाही, अनुपमालाही नाही. पत्रिका छापायच्या वेळी तिला गंमत दाखवणार होतो. ते नाव मी एकदाही मोठ्यानं उच्चारलं नव्हतं, आरशासमोरसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून चर्नी रोड गाठलं. खिडकीतल्या कारकुनानं नाकावरचा चष्मा वर ढकलला.

"काय राव! लोक दगड, धोंडा टाकून द्यायला येतात. तुम्ही परत न्यायला आलात?"

"थांबवता येईल का?"

"छापून झालं. गुरुवारच्या राजपत्रात येतंय." मग माझा चेहरा बघून तो जरा नरमला. "अहो, छापलं म्हणून कोण वाचतंय? मी इथं बसतो, मीसुद्धा वाचत नाही!"

मी परत आलो. द्रौपदीबाईंना सगळं सांगितलं, फक्त ते नाव सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. म्हणाल्या, "गुरुवारी काम नेहमीसारखा कर. कोणी हाक मारलीन तर वळू नको. माझ्या हाकेक मात्र वळ."

गुरुवार आला. झकास ऊन होतं, बुचाची फुलं फाटकापर्यंत सांडली होती. द्रौपदीबाई सकाळपासून गळा काढून मला हाका मारत होत्या. "धोंड्याऽ, पाणी आण! धोंड्याऽ, मेल्या, खय उलथलंस?" वरच्या मजल्यावरून मॅडमनी डोकावून विचारलं, आज काय आहे रे? मी म्हटलं, बारसं.

दहाच्या सुमाराला मी कँटीनला गेलो. चहाचे दोन ग्लास घेऊन पाचव्या मिनिटाला परतलो.

बाई दारात उभ्या होत्या. हातात झाडू, तो न हलता.

"इल्लो," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"माणूस. साधो. विचारलान, जयवंत परब हयसरच ना?"

मी चहाचे ग्लास उंबऱ्यावर ठेवले.

"तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलंय, त्या नावाचो कोण नाय हयसर. परब आसा, पण तो धोंडो."

"मग?"

"तो हसलो. हसणा बरा होता हो त्याचा. म्हणालो, बरा बरा, चुकला असात. नि गेलो."

"दिसायला कसा होता?"

बाई आठवत राहिल्या. चेहरा त्यांना आठवेना. मग म्हणाल्या, "चपला पायात नव्हत्या. हातात होत्या. मी म्हटलंय, घाला की. तर तो म्हणालो, उगाच आवाज नको."

मी फाटकापर्यंत धावत गेलो. बुचाच्या फुलांचा सडा तसाच होता, एकही फूल चिरडलेलं नव्हतं. फाटकावरच्या काशीरामनं कोणाला आत येताना पाहिलं नव्हतं.

परत आलो तेव्हा द्रौपदीबाईंनी माझ्या नाकपुडीवरच्या खड्ड्याला हळूच बोट लावलं. मग आम्ही दोघं गार झालेला चहा प्यालो.

पत्रिकेवर 'चि. धोंडिराम' असंच छापलं. अनुपमा म्हणाली, "मला तर आवडतं. टिकाऊ वाटतं." वरातीत द्रौपदीबाई सगळ्यांच्या पुढं नाचल्या. केऱ्या पुढची दोन वर्षं जगला आणि म्हातारा होऊन, चणा तोंडात असताना गेला. त्याचं कार्ड मी पाहिलं, ते सुलटं होतं.

या गोष्टीला आता पाच वर्षं होतील. आम्ही मुलुंडलाच राहतो. मुलगी चार वर्षांची आहे. अनुपमानं हौसेनं तिचं नाव नंदा ठेवलं. मी तिला चिंधी म्हणतो. शेजारी हसतात, अनुपमा लटकं चिडते, चिंधीला मात्र ते भारी आवडतं. खाली जिन्याशी आमच्या सोसायटीचा फलक आहे, घराघराच्या नावांच्या पट्ट्या खाचेत सरकवलेल्या. अनुपमाला पट्टीवर तिघांचीही नावं हवी होती. ते तेवढं मी ऐकलं नाही. पट्टीवर एकच नाव आहे, धोंडिराम परब. अधूनमधून सकाळी ती पट्टी खाचेतून अर्धं बोट बाहेर आलेली असते. मी अंगठ्यानं आत सरकवतो आणि कामाला जातो. सवय झाली आहे.

गेल्या गुरुवारी दूध घेऊन येत होतो. चिंधी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून बुचाच्या फुलांच्या पिपाण्या वाजवत होती.

"बाबा, ते काका आपलं नाव वाचत होते."

"कोण काका?"

"ते. मग मला म्हणाले, तुझं नाव काय गं?"

"मग? तू काय सांगितलंस?"

"चिंधी!" ती म्हणाली आणि खिदळली. "तेपण हसले."

मी पिशवी खाली ठेवली आणि तिच्या शेजारी बसलो.

"बाबा, काकांना चपला लहान होतात का हो?"

"का गं?"

"हातातच धरल्या होत्या."