द्राक्षबागेला बांधलेली वायर

"धातूतून वीज सहज वाहते," असं मयूरी म्हणाली आणि पडद्यावरची अठ्ठावीस मुलं जागच्या जागी थिजली. एकाचं बोट तर नाकातच राहिलं. मग पडदा कोरा.

तिनं हेडफोन आदळला. पुण्याच्या शिकवणी कंपनीनं कालच बजावलं होतं : क्लास दोनदा तुटलाय, तिसऱ्यांदा तुटला तर तासगाव सोडून पुण्यात येऊन शिकवा.

बाहेर एक अनोळखी तरुण पक्कड घेऊन उभा होता. गच्चीवरच्या इंटरनेटच्या अँटेनाची केबल त्यानं भिंतीजवळ सोडवली होती. अर्थिंगची वायर द्राक्षबागेच्या तारेला बांधलेली होती, तीही सोडवून त्याच्या हातात होती.

"कोण तुम्ही? कुणाला विचारून तोडलीत?"

तो अवधूत. सांगलीहून शेजारच्यांचा अँटेना बसवायला आला होता. तिकडच्या गच्चीवरून त्याला ही वायर दिसली... दोन हाका मारल्या, पण आतून ओ आली नाही.

"ही बागेला कुणी बांधली?"

"मी. दोन एकरांत लोखंडी अँगल गाडलेत. याहून चांगलं अर्थिंग जिल्ह्यात मिळेल का? मी विज्ञान शिकवते."

तो वाद घालत बसला नाही. त्यानं फक्त बागेकडे बोट केलं. छाटणी चालू होती. मयूरीची आई, शालूबाई, एका हातानं तार धरून दुसऱ्या हातानं कात्री चालवत होती. तिच्यामागे आणखी सहा बायका... आणि कवठे गावाच्या बाजूला आभाळ काळं होत होतं.

अँटेनावर वीज पडली असती, तर ती याच तारेतून आईच्या हातापर्यंत गेली असती. वीज सहज वाहते, हे तिनं आत्ताच तर सांगितलं होतं.

"अर्धा तास द्या," तो म्हणाला. "पाऊस यायच्या आत करतो."

"अर्ध्या तासात माझी नोकरी जाईल. तुमचं काय जातंय?"

"मुलांना फोनवर इथंच बोलवा. हेच शिकवा."

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मोबाईलला जेमतेम रेंज यायची. चिडलेली मयूरी क्लास फोनवर जोडून तिथं उभी राहिली. अवधूतनं भिंतीलगत तांब्याचा रॉड ठोकला. केबल घरात शिरते तिथं विजेचा झटका जमिनीत सोडणारी डबी बसवली. मग रॉडची तार घराच्या मीटरच्या अर्थिंगलाही जोडली, कारण दोन्ही वेगळी ठेवली तर झटका घरातून वाट काढतो. मयूरीनं अँटेनाच्या अर्थिंगच्या उरलेल्या तारेची छान वेटोळी घातली होती, ती सगळी उलगडून त्यानं तार सरळ रॉडला जोडली.

"वीज वळणं घेत नाही."

"तुम्ही मात्र घेता. मला सांगायचं सोडून परस्पर तारा तोडता."

तो हसला... आणि हातातली पक्कड जरा घसरली.

फोनमधून एका पोरीनं विचारलं, हे बरोबर झालंय ते कळणार कसं? अर्थिंग मापायच्या मीटरनं, तो म्हणाला. आज मीटर आणलेला नाही, पुढच्या रविवारी.

संध्याकाळी कंपनीचा निरोप आला, मुलांना जिन्यावरचा क्लास फार आवडला, असेच क्लास घ्या. पुणे टळलं. तरी मयूरी आठवडाभर चिडचिडतच होती. का, ते तिलाही सांगता येईना.

रविवारी तो आला. मापून म्हणाला, उत्तम आहे. गडगडायला लागलं की मात्र केबल काढून ठेवत जा.

"परत कधी तपासायचं?"

"वर्षानं."

"वर्षानं..."

त्यानं मीटरची वायर गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. शालूबाई दारातून बघत होती. "आगं, त्यास्नी च्या तरी घे म्हण," ती म्हणाली. "मगाधरनं एकच वायर गुंडाळाय लागल्यात."

मयूरीनं कपाळावर हात मारला. सगळं मलाच सांगावं लागणार तर.

"अवधूत, पुढच्या रविवारी या," ती म्हणाली. "आणि मीटर आणू नका."